खराटा आणि रातवा

आमच्या टेकडीमंडळाचा मी एकवीस वर्षं चिटणीस होतो आणि या एकवीस वर्षांत एकाही रविवारी माझा खराटा घरी राहिला नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी चांगलीच शोभा होणार आहे, तेव्हा सुरुवातीला एवढी फुशारकी मारून घेतो.

पुण्यात माणसाला एक डॉक्टर असतो, एक वाणी असतो आणि एक टेकडी असते, आणि तिन्ही सहसा बदलत नाहीत. आमची टेकडी सदाशिव पेठेतल्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर. पायथ्याच्या नळावर गोडेतेलाचे रिकामे कॅन भरायचे, दोन हातांत दोन घेऊन चढायचं, आपापल्या झाडांना पाणी घालायचं आणि उतरायचं. कडुनिंब, बहावा, करंज, सगळी आम्ही लावलेली आणि आम्हीच जगवलेली. रविवारी श्रमदान. श्रमदान म्हणजे मुख्यतः झाडलोट. झाडांखालचा पालापाचोळा खराट्याने गोळा करायचा, ढीग रचायचे आणि पेटवून द्यायचे. जमीन कशी अंगणासारखी लख्ख दिसली पाहिजे! लोकांची होळी वर्षातून एकदा, आमची दर रविवारी.

पाट्यांचं खातंही माझ्याकडेच. 'टेकडी आपली आहे. घरासारखी स्वच्छ ठेवा. ज्यांचे घर अस्वच्छ आहे त्यांनी येऊ नये.' ही पाटी वाचून दोघं जण खरोखरच परत गेले असं ऐकिवात आहे. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

बायकोही माझ्याबरोबर यायची, पण ती पाणी घालायला नाही आणि झाडायला तर नाहीच नाही. ही देवरुखकडची. माहेरचं घर रानाला लागून, त्यामुळे पाखरांशी ओळख लहानपणापासूनची. टेकडीच्या पश्चिम उतारावर एक दगडी बाक आहे. संध्याकाळी ही तिथे जाऊन बसायची आणि दिवेलागणीला रातवा ओरडायची वाट बघायची. रातवा म्हणजे साळुंकीएवढा, मातीच्या रंगाचा पक्षी. दिवसभर जमिनीवर पाचोळ्यात अंग चोरून बसतो आणि अंधारायला लागलं की किडे टिपायला उडतो. घरटं बांधायच्या भानगडीत तो पडत नाही, अंडी सरळ जमिनीवर घालतो. त्याची हाक म्हणजे फरशीवर गोटी पडून उड्या मारत मारत थांबावी तशी, आधी सावकाश आणि शेवटी घाईघाईने. चक्, चक्, चक्, चक्-चक्-चक्र्र्र. ती ऐकली की ही पदर खोचून उठायची. "चला, आला तो." मग आम्ही उतरायचो आणि घरी कुकर लागायचा.

मला ती हाक तेव्हाही जेमतेम ऐकू यायची. टेलिफोन खात्यात मी तीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून दिली. निवृत्तीला पेन्शन मिळाली आणि कान तिथेच राहिले. पण हिच्या चेहऱ्यावरून कळायचं की तो ओरडला, आणि तेवढं मला पुरायचं.

मग एका वर्षी तो ओरडला नाही. पुढच्या वर्षीही नाही. मी कारणं पुरवली. मोबाइलचे मनोरे, रस्त्यावरच्या गाड्या, मोकाट कुत्री, बिघडलेलं हवामान. ही नुसती ऐकून घ्यायची. तिसऱ्या वर्षी हिने टेकडीवर येणंच सोडलं. गुडघा दुखतो म्हणाली. गुडघा दुखत होता हे खरं, पण त्याच गुडघ्याने ही तुळशीबागेत तीन तीन तास हिंडून यायची.

एकदा न राहवून मी म्हटलं, "अगं, झाडं बघ केवढी झालीत आपली. चल की एकदा."

"तुमच्या रानात पाखरू नाही," ती म्हणाली. "नुसता लाकूडफाटा उभा केलाय. रातवा ओरडला की सांगा, येईन."

हे मला फार झोंबलं. दोन दिवस मी बोललो नाही, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही, हे आणखी झोंबलं. पण रोज संध्याकाळी तो रिकामा बाक मला बघवत नसे. माझी झाडं वाढत होती, मंडळ वाढत होतं, वर्तमानपत्रात एकदा फोटोही आला होता, आणि हे सगळं जिला दाखवायचं ती घरी बसून मालिका बघत होती. मला ती परत बाकावर बसलेली हवी होती. बाकी काही नको होतं.

पुण्यातला निवृत्त माणूस एकदा तरी अंदमानला जातो. आम्हीही गेलो, फेब्रुवारी सरता सरता, चाळीस जणांच्या सहलीबरोबर. सहल ठरली तेव्हाच हिने अट घातली होती. "तुरुंग बघून झाला की तुमची मंडळी जाऊ देत परत. आपण चार दिवस उत्तरेला जायचं. तिथे जंगल डोंगरावरून थेट समुद्रापर्यंत उतरतं म्हणे. राष्ट्रीय उद्यान आहे." मी म्हटलं, गुडघ्याचं काय? तर म्हणाली, "गुडघा माझा आहे, मी बघीन."

पोर्ट ब्लेअरहून बसने अख्खा दिवस लागला. उतरलो ते एका साध्याशा लॉजवर, समोर नारळ आणि मागे काळोखं रान. अंगणात चहा पीत होतो तेवढ्यात हिने कप खाली ठेवला आणि बोट वर केलं. मला अर्थातच काही ऐकू आलं नाही. "रातवा," ती म्हणाली. "आपला नाही. याचं बोलणं वेगळं आहे, पण घराणं तेच." कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा तसा झाला होता. मी चहा गार होऊ दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनखात्याच्या नाक्यावर नाव लिहून आम्ही निघालो. बरोबर वाट दाखवायला एक जण दिला होता, पन्नाशीचा, फाळणीनंतर बंगालमधून आणून इथे वसवलेल्या कुटुंबातला. माणूस मितभाषी होता, म्हणून मला आवडला. नाक्यावर एक पाटी होती: 'जंगल से कुछ न उठाएँ.' पाटी दिसली की मी उभा राहून परीक्षा घेतो, तशी घेतली. मजकूर थोडका पण मुद्देसूद, असा शेरा मी मारला. शंखशिंपले उचलणाऱ्या लोकांसाठी असणार, असं म्हणून पुढे झालो.

पहिला तासभर वाट समुद्राच्या कडेकडेने होती. एका हाताला लाटा आणि दुसऱ्या हाताला झाडांची भिंत. समुद्रमोह्याची झाडं वाळूवर वाकून पाण्यात डोकावत होती. शंख पाठीवर घेतलेले खेकडे आमच्या पावलांपुढून सरसर पळत होते, पाच-पन्नास एकदम. मग वाट आत वळली आणि उजेडच बदलला. गर्जन नावाची झाडं एवढी सरळ आणि उंच की वर बघताना माझी टोपी पडली. खोडांच्या बुंध्याशी मुळांच्या भिंती, माणसापेक्षा उंच. वेत, वेली, शेवाळ, आडवी पडून कुजत चाललेली झाडं, त्या कुजक्या झाडांवर उगवलेली नवी झाडं. एक हातभर लांब घोरपड पाचोळा उधळत निघून गेली. ही मला एकेक दाखवत होती. तो बघा सुतार. ते पारवे, हिरवे, केवढे थोराड! काठीला टेकत, थांबत थांबत चालत होती, पण गुडघ्याचं नाव नाही. आणि मी काय बघत होतो? मी मनातल्या मनात म्हणत होतो, छे, काय हा पसारा! इथे महिनाभर दहा माणसं लावायला पाहिजेत.

दीड-एक तासाने एक फळी ठोकलेला बाक लागला. वाटाड्या म्हणाला, बसा, मी पुढच्या ओढ्याचं पाणी बघून येतो. ही बरीच मागे होती, कुठलं तरी पाखरू बघत. घामाने कानातलं ऐकायचं यंत्र निसटायला लागलं होतं म्हणून मी ते काढून डबीत घातलं आणि डबी खिशात. बाकाभोवती घोट्याएवढा पाचोळा साचला होता. ही येईल, बसेल, पायाखाली विंचूकाटा असला तर? एवढं निमित्त पुरलं. मी एक वाळलेली झावळी उचलली आणि लागलो झाडायला. हात सवयीने चालत होता, मन प्रसन्न होतं. बाकाच्या मागचा भाग झाला, डावी बाजू झाली.

उजव्या बाजूला झावळी मारली आणि पायाजवळची जमीनच उडाली. खरंच सांगतो, मला वाटलं पाचोळ्याचा एक तुकडा जिवंत होऊन तोंडावर आला. तो पक्षी होता. चार हातांवर जाऊन पडला आणि एक पंख फरपटत जमिनीवर घसरायला लागला. माझ्या झावळीखाली, उघड्या केलेल्या मातीवर दोन अंडी होती, सायीच्या रंगाची, तपकिरी डागांची. एक जागेवर होतं. दुसरं माझ्या फटकाऱ्याने वीतभर घरंगळलं होतं.

मागे वळलो तर ही उभी होती. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. मी डबी काढून यंत्र कानात घातलं.

"तीनदा ओरडले मी! थांबा, थांबा म्हणून तीनदा ओरडले!" तिने माझ्या हातातली झावळी हिसकावून घेतली. "मला डोळे दिसले होते त्याचे. रातवा आहे तो. इथे येऊनसुद्धा झाडताय?"

"पंख मोडला का गं त्याचा?"

"तो मोडल्याचं सोंग करतोय. तुम्हाला अंड्यांपासून लांब न्यायला." मग ती त्या झाडून काढलेल्या जमिनीकडे बघत राहिली. उघडी माती, कडेला पाचोळ्याचा नीट रचलेला ढीग. माझ्या हातची सफाई तिला ओळखू आली नसती तरच नवल. "अहो," ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "आपल्या टेकडीवरही हेच झालं. बाकाखालचा उतार तुम्ही झाडायला लागलात आणि तो ओरडायचा थांबला. मनोरे नाहीत नि कुत्री नाहीत. तुम्ही झाडून टाकलंत त्याला. आणि जाळलंत."

वर्षं आठवली. पश्चिम उतार मंडळाकडे घ्यायचा ठराव मीच मांडला होता. बाकाजवळ घाण नको, ही तिथे बसते, म्हणून.

वाटाड्या आला. त्याने एका नजरेत सगळं पाहिलं. रागावला नाही. "इधर पत्ता उठाने का मना है, काका," एवढंच म्हणाला. मग दोन पानांच्या चिमटीत ते घरंगळलेलं अंडं धरून पहिल्याच्या शेजारी ठेवलं. माझ्या ढिगातून ओंजळ ओंजळ पाचोळा घेऊन भोवती पसरला, आणि आम्हाला चाळीस पावलं मागे एका गर्जनाच्या मुळांआड नेऊन बसवलं. म्हणाला, आता हलायचं नाही. मादी आली तर आली.

मी देव मानतो, पण त्याला त्रास देत नाही. त्या दिवशी दिला. ये बाई, परत ये, मी पुन्हा झाडणार नाही, असं किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. डास चावत होते, पाठ धरली होती. ही माझ्याकडे बघत नव्हती. शेवटी मी कुजबुजलो, "चुकलं माझं." तिने तोंडावर बोट ठेवलं.

पाऊण तास झाला असेल. हिने माझा दंड घट्ट धरला. पाचोळ्यातून काहीतरी चालत येत होतं. दोन पावलं, थांबणं. दोन पावलं, थांबणं. अंड्यांपाशी आली, छातीने दोन्ही अंडी पोटाखाली सारून घेतली, अंग हलवून बसली आणि बघता बघता दिसेनाशी झाली. तिथेच होती, पण पाचोळा कुठला आणि ती कुठली, काही कळेना. मला रडू आलं. लाज वाटली नाही.

परतताना समुद्र दिसायला लागल्यावर ही म्हणाली, "चुकलं म्हणालात ते मी ऐकलं बरं का. लग्नानंतर पहिल्यांदाच."

पुण्यात आल्यावर पहिल्याच रविवारी मी मंडळाच्या बैठकीत सांगितलं की झाडणं आणि जाळणं बंद करायला हवं. जणू मी टेकडी विकायला काढली! अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर. ते म्हणाले, "साप येतील."

"येऊ देत. आपण सगळे येतोच की."

"लोक काय म्हणतील? मंडळ झोपलं म्हणतील."

"दुपारी एक ते चार खरंच झोपलेलं असतं."

मतं घेतली. माझ्या बाजूने माझं एक. पण एकवीस वर्षांच्या चाकरीची थोडी चाड त्यांनी ठेवली. बाकाखालचा पश्चिम उतार मला दिला. करा तिथे काय कचरा करायचा तो, म्हणाले. अट एकच, आग लागता कामा नये, लागली तर जबाबदारी माझी. मी चिटणीसपद सोडलं आणि उतार घेतला.

आगीसाठी जाळरेषा लागते, म्हणजे भोवतीने तीन-चार हात रुंद पट्ट्यातलं गवत दर हिवाळ्यात कापून काढावं लागतं, म्हणजे वणवा ओलांडून आत येत नाही. खराट्याच्या जागी विळा आला. कंबर बोलायला लागली. पहिल्या वर्षी उतार भिकार दिसला, खोटं कशाला बोलू? येणारेजाणारे टोमणे मारून जात. एक दिवस बघतो तर उताराच्या तोंडाशी कोणीतरी सुबक अक्षरात पाटी लावलेली: 'येथे काम चालू नाही.' पाटी चांगली होती. मी ती काढली नाही. माझी ती घराच्या स्वच्छतेची पाटी मात्र मीच उपटून आणली. हल्ली ती आमच्या गॅलरीत कुंड्यांखाली आहे.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाचोळा खालून काळा पडायला लागला. हात घातला तर ओलसर, भुसभुशीत. सापसुरळ्या आल्या. सातभाईंचा थवा येऊन दिवसभर पानं उलटीपालटी करायला लागला. एकदा मुंगूस दिसलं. रोज घरी आल्यावर मी हिला सगळं सांगायचो. ही मेथी निवडत ऐकायची आणि शेवटी एकच विचारायची.

"रातवा?"

"नाही."

"बरं."

'नाही' हा मी देत असलेला जबाब खरा नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तिसरा उन्हाळा होता. बाकावर एकटा बसलो होतो, अंधारत होतं, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे गाढवा, तो ओरडला तरी तुला ऐकू येणार आहे का? यंत्र घातलं तर वारा आणि खालच्या रस्त्याची घरघर, काढलं तर काहीच नाही. बाकीचे फिरायला येणारे रातवा आणि रेडिओ यांत फरक न करणारे. तो ओरडला तर ती येणार, आणि ती आल्याशिवाय तो ओरडला की नाही हे कळणार नाही. अशी ही गाठ.

वाटेत एकदा मनात आलं, सरळ सांगावं, ओरडला म्हणून. येईल तरी. पण मुळांआड बसून जिची वाट बघितली ती मादी आठवली आणि तिच्या नावाने खोटं बोलवेना, आणि हिच्याशी खोटं बोलून पचल्याचा इतिहासही नाही.

त्या संध्याकाळी तिने विचारलं, "रातवा?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला ऐकू येत नाही. खरं म्हणजे गेली दोन वर्षं मी नुसताच नाही म्हणतोय. तू ये आणि सांग."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "एवढं समजायला दोन वर्षं लागली?" ती म्हणाली. "उद्या चार वाजता निघू. मला चढायला वेळ लागेल."

पाच ठिकाणी बसत, काठी टेकत ती चढली. बाकाशी आल्यावर आधी पदराने बाक पुसला, मग खालच्या उताराकडे पाहिलं. पाचोळा, गवत, पडलेली एक फांदी तशीच. बसली. मी शेजारी बसलो. खाली शहराचे दिवे लागायला लागले. मी यंत्र काढून खिशात टाकलं. उगाच घरघर ऐकण्यात काय अर्थ? समोर बघण्यापेक्षा मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, पण अंधारात आता चेहराही नीट दिसेना.

बराच वेळ गेला. आज नाही, उद्या येऊ, असं म्हणायला मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. मनगटावर बोट टेकवलं. एकदा. मग एकदा. मग आणखी एकदा. आणि मग भराभर, फरशीवरची गोटी थांबत यावी तसं.

"परत?" मी विचारलं.

तिने पुन्हा वाजवलं. तसंच, सुरुवातीपासून.

"कुठून येतोय? आपल्या उतारावरून?"

तिने दुसरा हात माझ्या तोंडावर ठेवला आणि पहिल्या हाताने मोजत राहिली.